कडी आतून

मी एक जुना सागवानी दरवाजा आहे, मित्रांनो. तिसगावजवळच्या माळावर पारध्यांची वस्ती आहे, तिथं रतनबाईच्या घराला मी असतो. माझ्या खालच्या फळीवर पत्र्याचं ठिगळ आहे. त्याची मला लाज वाटत नाही. का, ते सांगतो.

माझा जन्म इंग्रजांच्या अमदानीतला. पारध्याचं पोर जन्मतःच गुन्हेगार, असा कायदाच होता तेव्हा. अख्खी कुटुंबं तारेच्या कुंपणात कोंडली जायची. तिथल्या एका खोलीसाठी मला बनवलं आणि कडी बसवली ती बाहेरून. सांजेची हजेरी झाली की शिपाई ती लावून जायचा. मी चांगल्या लाकडाचा, कसबी सुताराच्या हातचा. पण मला दरवाजा म्हणणं म्हणजे पिंजऱ्याला घर म्हणणं होतं.

स्वातंत्र्य आलं तरी काही वर्षं ते तसंच चाललं. अखेर तार निघाली. लोक मिळेल त्या वाटेनं चालू लागले. रतनबाईचे सासरे आदिनाथ मात्र माझ्या बिजागऱ्या उचकटत बसले. कुणीतरी हसलं, "आरं, कोंडनारं दार कशाला नेतूस?"

"जिनं कोंडलं ती कडी आता माझ्या हातात ऱ्हाईल," ते म्हणाले.

मला डोक्यावर घेऊन ते या माळावर आले, झोपडी उभारली आणि मला उलटा फिरवून बसवलं. कडी आत आली. त्या दिवशी मी खरा दरवाजा झालो.

पण कायदा गेला म्हणून खोड जात नाही. बाजारात काही हरवलं की पोलीस आमच्याकडे. शिंगणापुरात म्हणे घरांना दारंच नाहीत, तिथं देव राखण करतो. आमच्याकडे पाहायला त्याला सवड झाली नसावी. वस्तीतली माणसं हाक मारून येतात. बाहेरचा जो आला तो माझ्यावर बूट मारूनच आला.

गेल्या उन्हाळ्यात सूर्यभान नावाच्या बागाईतदाराच्या विहिरीवरची मोटार गायब झाली. सकाळीच पोलीस आले, ते रतनबाईच्या नातवाला न्यायला. हा कानिफनाथ टेम्पो चालवतो, कुणाच्या अध्यात ना मध्यात. त्याच्या बापालाही एकदा असंच चौकशीला नेलं होतं. तो परत आला तेव्हा त्याला धड चालता येत नव्हतं. रतनबाईनं कडी लावली आणि मला पाठ टेकून उभी राहिली.

"दार उघड, म्हातारे."

"त्याला का नेता ते लिहून दावा. सरपंचाला बोलवा. मंग उघडते."

लाथ बसली. खालची फळी फुटली, पण कडी हलली नाही. तेवढ्यात वस्तीतल्या बाया आल्या आणि बाहेरून मला पाठी लावून उंबऱ्यावर बसल्या. कुणी ओरडलं नाही, आणि कुणी उठलंही नाही. मला त्यांचा फार अभिमान वाटला. ऊन चढलं आणि पोलीस निघून गेले. कानिफ वाचला, पण टेम्पो तेव्हापासून उभाच. पोरगं घराबाहेर पाऊल टाकीना.

चार-सहा दिवसांनी माझ्यावर टकटक झाली. हे काय, मला कळेचना. घरातल्यांनाही कळलं नाही. कानिफ ताटावरून उठून मागच्या भिंतीकडे पळाला आणि कोण आहे ते न विचारताच रतनबाई म्हणाली, "कानिफ घरी न्हाई."

"मावशी, मी सूर्यभान. मोटार माझ्याच भावानं वायंडिंगला टाकली हुती, मला न सांगता. पोलिसांना सांगून आलोय. चूक माझी हाय."

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात; इथं तर चोरच नव्हता. रतनबाई कडीला हात लावून उभी राहिली. बाहेर तोही उभा राहिला. त्यानं मला ढकललं नाही. मग तिनं आपल्या बोलीत कानिफला जेवायला परत बोलावलं आणि कडी काढली.

मित्रांनो, मला रंग नको, तेल नको; ठिगळही राहू द्या. एवढंच करा, कुणाचंही दार लोटण्याआधी वाजवा, आणि थांबा. कडी आतल्या माणसाला काढू द्या.