बोटभर झरोका

ओस्लोहून निघतानाच ओड्डवारने बायकोला बजावलं होतं, "ही शेवटची संधी. आज रात्री मला थंडी वाजली, तर परत गेल्यावर कॅराव्हॅन विकली म्हणून समज." थंडीने गुडघे धरलेत म्हणे त्याचे! गाडीमागे ओढत न्यायचं हे पिटुकलं घर गुद्रूनला जीव की प्राण. ते गेलं की हिवाळाभर घरात एकमेकांची तोंडं बघत बसायचं, दुसरं काय?

वाल्द्रेसच्या डोंगरावरच्या तळावर पोचल्या पोचल्या तिने हीटर लावला आणि कंबर कसली. गार वारा येऊ नये म्हणून कॅराव्हॅनच्या तळातल्या हवेच्या जाळ्यांत लोकरीचे मोजे कोंबले, छताच्या झरोक्यात उशी. तरी थोड्याच वेळात काचांवरून पाणी ओघळू लागलं, गाद्या दमट झाल्या. ओड्डवार टोपी घालून कुडकुडत बसला.

"छान! आता मासेही पाळू," तो म्हणाला.

गुद्रूनला राग आलाच, पण त्याहून जास्त कोडं पडलं. शेजारच्या कॅराव्हॅनमध्ये अस्लाउग नावाची म्हातारी एकटीच होती. यांच्याहून लहान कॅराव्हॅन, आणि ही बया बिनबाह्यांच्या पातळ सदऱ्यात कॉफी पितेय! असा कोणता हीटर आहे बाई हिच्याकडे? राहवेना, तशी बूट चढवून ती तिकडे गेली.

हीटर तोच. अगदी तोच! गुद्रूनने गादीखाली हात घातला, भिंत चाचपली. सगळं कोरडं ठणठणीत. आणि वर बघते तो काय, छताचा झरोका बोटभर उघडा!

"अहो, झरोका उघडा राहिलाय तुमचा!"

"राहिला नाही, ठेवलाय," म्हातारी खिदळली. "तू जाळ्या बुजवल्यास ना? अगं वेडे, दोन माणसांचे श्वास, वर कॉफीची वाफ, ती जाणार कुठे? ओल्या हवेत ऊब टिकत नाही. गाद्याही भिंतीपासून जरा सुट्या ठेव."

गुद्रूनने परत येऊन मोजे उपसले, उशी काढली आणि झरोका बोटभर उघडला.

"एवढ्या बर्फात झरोका उघडतेस? डोकं गोठलं का तुझं?"

"गप बस आणि चीज-पाव खा."

खाता खाता त्याने टोपी काढली. मग स्वेटर. कबूल मात्र एका शब्दाने केलं नाही. पडलो तरी नाक वर! पाय मोकळे करायला म्हणून बाहेर जाऊन आला आणि भिंतीकडे तोंड करून घोरू लागला.

सकाळी तिने विचारलं, "कशी झाली झोप?"

"एकच रात्र ठरली होती. निघू या," एवढं बोलून त्याने कॅराव्हॅन जोडली आणि गाडीत बसला. गुद्रून डोळे पुसत शेजारी बसली. गेलीच म्हणायची आता.

गाडी गुरगुरली, पण कॅराव्हॅनची चाकं फिरायचं नाव घेईनात. गुद्रून उतरून बघते, तर कॅराव्हॅनचा हँडब्रेक ओढलेला! हिवाळ्यात चाकांखाली लाकडाची पाचर लावतात, हँडब्रेकला कोणी हात लावत नाही. रस्त्यावरून भिजून आलेले ब्रेक रात्रीत गोठून चिकटून बसतात. कोणी ही चूक केली की त्याची अक्कल काढायला ओड्डवारच सगळ्यांच्या पुढे.

"हा कोणी ओढला?"

"माझ्याकडून... चुकून."

"तुझ्याकडून? चुकून?"

ओड्डवारचे कान लाल झाले. "आता बर्फ सुटेपर्यंत दोन-तीन दिवस अडकलो बघ इथेच."

तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. हसू दाबत तिने विचारलं, "आणि मग? विकायची ना?"

"विकायची म्हणे!" तो गाडीतून उतरत पुटपुटला. "जागची हलत नाही, ती घेणार कोण?"