आठव्या स्थानकापुढचं वळण

खडा बारीकच होता — काळा, लाव्हाचा, एका बाजूनं धारदार — आणि क्रूसयात्रेच्या दुसऱ्या स्थानकापासून तो आकेनेसेच्या उजव्या चपलेत टोचत होता. थांबून चप्पल झटकली असती तर निघून गेला असता. तिनं झटकली नाही. आज गुड फ्रायडे, आज टोचलं तर टोचू द्यावं, असं तिच्या मनात आलं, आणि लगेच त्या विचाराचाच तिला वीट आला... कारण हे असलं तिला छान जमायचं. उपास जमायचे. ईस्टरआधीच्या सबंध उपासकाळात साखर नाही, मांस नाही, भल्या पहाटे मिस्सेच्या उपासनेला सगळ्यांच्या आधी हजर. गावातल्या बायका आपल्या सुनांना सांगायच्या, श्रद्धा असावी तर आकेनेसेसारखी. पोटचा पोर गेला, पण चर्चची पायरी चुकली नाही तिची.

पायरी चुकली नव्हती, हे खरं. पण आत जाऊन ती काय करत होती, ते कुणाला ठाऊक नव्हतं. प्रभूची प्रार्थना ती सगळ्यांबरोबर खणखणीत म्हणायची — आमची रोजची भाकर आज आम्हाला दे, आमच्या अपराधांची आम्हाला क्षमा कर — आणि तिथं थांबायची. 'जशी आम्ही आमच्या अपराध्यांना क्षमा करतो' एवढं गाव म्हणायचं, ती नाही. मग पुढच्या शब्दाला पुन्हा सूर धरायचा. दोनशे माणसांच्या आवाजात एका बाईचं गप्प होणं कुणाला कळणार? देवाला खोटं सांगण्यापेक्षा गप्प बसलेलं बरं, असं तिनं स्वतःला समजावलं होतं. मात्र ते गप्प बसणं दिवसेंदिवस जड होत चाललं होतं, आणि प्रार्थनेत इतर शब्दांपेक्षा तेच जास्त ऐकू यायला लागलं होतं.

ऊन माथ्यावर आलं होतं. डाव्या हाताला खाजण, त्यापलीकडे प्रवाळाच्या कड्यावर फुटणाऱ्या लाटांचा एकसुरी आवाज. उजवीकडे नीरफणसाची झाडं, पण सावली रस्त्यापर्यंत पोचत नव्हती. पुढे पुरुषांच्या खांद्यावर क्रूस चालला होता. तोही नीरफणसाच्याच खोडाचा, ओबडधोबड. आठव्या स्थानकावर, जिथं येशू यरुशलेमच्या बायकांना भेटतो, तो मातामंडळाच्या हाती यायचा. आडवी फळी मंडळाच्या प्रमुखाच्या खांद्यावर आणि मागचं टोक दुसरीच्या हातात.

प्रमुख आकेनेसे. आणि आठवं स्थानक त्या वळणाच्या अलीकडे.

"वहिनी," तिची नणंद मालिया धापा टाकत म्हणाली, "येशूला बिचाऱ्याला एकदाच चढवलं गं. आपल्याला दर वर्षी चढवतात."

"गप्प बस. फादर ऐकतील."

"ऐकू देत. त्यांना छत्री धरलीय कुणीतरी. मला धरतं का कोणी?"

आकेनेसेला हसू आलं नाही. तिला माहीत होतं, रांगेच्या अगदी शेवटी, पोरांच्याही मागे, फिलिपो चालत असणार. एक पाय किंचित ओढत. तुरुंगातून सुटून आल्यापासून तो असाच सगळ्यांच्या मागे असायचा. चर्चमध्ये दाराशी, जेवणावळीत भांड्यांपाशी. तिचा पोरगा विताले आणि तो एका पानात जेवलेले. 'मावशी, अजून एक तुकडा' म्हणत माझ्याच चुलीपाशी बसणारा... आणि त्या संध्याकाळी सामना जिंकल्याच्या आनंदात बिअर पिऊन त्यानंच गाडी हाकली, मागच्या हौद्यात माझा विताले गात बसलेला, आणि ते वळण.

तिसऱ्या पहाटे फिलिपोचा बाप, चुलते, सगळं घराणं अंगणात येऊन बसलं होतं. डोक्यांवर वडिलोपार्जित चटया पांघरून, माना खाली घालून, जीव घ्यायचा तर घ्या म्हणून. ऊन चढलं तरी हलले नाहीत. शेवटी तिचा नवरा पेलेनाटो बाहेर गेला आणि त्यानं एकेकाच्या डोक्यावरची चटई उचलली. झालं. घराण्याच्या प्रमुखानं माफ केलं म्हणजे घराण्यानं केलं. गावानं पेलेनाटोला नावाजलं. मी त्या वेळी आत होते. पोराच्या शर्टाच्या घड्या घालत होते. मला कुणी विचारलं नाही... आणि विचारलं असतं तर?

आठवं स्थानक. गुडघे टेकून झाले, वाचन झालं. क्रूस तिच्या खांद्यावर आला. तिनं पाऊल उचललं, रांग हलली, प्रार्थना सुरू झाली. वळण समोरच होतं. तिथं आता काहीही नव्हतं, गवत होतं, नारळाच्या बुंध्यावर गाडी आदळल्याची जुनी खोच होती. त्या खोचेकडे बघायचं नाही असं ठरवून ती चालत होती, आणि तेवढ्यात मागून हिसका बसला. मालियानं टोक सोडलं होतं. ती रस्त्याकडेला मटकन बसली होती, चेहरा पांढराफटक.

"मेले गं बाई... मेले नाही, पण घोटभर पाणी द्या कुणीतरी."

बायका धावल्या. दोघे-तिघे पुरुष टोक धरायला पुढे आले, आणि आकेनेसेच्या तोंडून निघून गेलं —

"तुम्ही नको. फिलिपोला बोलवा."

फादरांनी छत्री बाजूला केली. नवरा तिच्याकडे पाहत राहिला. त्याच्या डोळ्यांत पाणी आलेलं तिला दिसलं, त्याला वाटलं असणार, आज हिनं क्षमा केली. क्षमा कसली! तिच्या मनात होतं ते वेगळंच. घेऊ दे. याच वळणावर घेऊ दे. सगळ्या गावाला दिसू दे, हे ओझं कुणाचं आहे ते.

ओढत्या पावलांचा आवाज आला. मागचं टोक उचललं गेलं, खांद्यावरचा भार एकदम हलका झाला. तिनं मागे पाहिलं नाही.

"चल," एवढंच म्हणाली.

प्रार्थना पुन्हा सुरू झाली. लोक दोन हात मागे राहून चालत होते, त्यामुळे फिलिपोचा आवाज तिला स्वच्छ ऐकू येत होता. घोगरा, खालच्या पट्टीतला. तुझी इच्छा पूर्ण होवो. आमची रोजची भाकर आज आम्हाला दे. आणि मग...

मग नाही.

'आमच्या अपराधांची आम्हाला क्षमा कर' — गाव म्हणालं, ती म्हणाली, मागून आवाज आला नाही. दमला असेल. पण पुढच्या शब्दाला तो पुन्हा होता. ती वळणाच्या मध्यावर आली होती, नारळाच्या अगदी पुढ्यात, आणि तिनं पुढच्या फेरीला कान दिला. भाकर. मग आवाजात पुन्हा ती खाच. तीच. इतकी ओळखीची की तिच्या अंगावर काटा आला. हा मागत नाही. मी देत नाही, आणि हा मागतच नाही. एकाच वाक्याच्या दोन टोकांना आम्ही दोघं तोंड मिटून उभे, आणि मध्ये सगळं गाव मोठमोठ्यानं म्हणतंय.

ती थांबली. मागची रांग अडखळली.

"काय झालं?" पेलेनाटोनं विचारलं.

अर्धवट मागे वळून, क्रुसाच्या लांबीपलीकडे तिनं फिलिपोकडे पाहिलं. वितालेच्या वयाचा, म्हणजे आता विताले असता तर एवढा दिसला असता.

"ते वाक्य म्हण," ती म्हणाली.

"मावशी..."

"किती दिवस झाले, सोडतोयस?"

त्यानं मान खाली घातली. "तेव्हापासून. मी कोणत्या तोंडानं मागू?"

"मागायचं तोंडानंच. म्हण. मी थांबलेय."

लाटांचा आवाज तेवढा येत होता. त्याचे ओठ हलले, आधी नुसतेच. मग आवाज फुटला, पोरकट, चिरका: "आमच्या अपराधांची... आम्हाला... क्षमा कर."

आणि आता तिची पाळी होती. हे आधी तिच्या लक्षातच आलं नव्हतं! छातीत काहीतरी आडवं उभं राहिलं, ती त्याला ढकलत होती, ते हलत नव्हतं, आणि मग तिनं ढकलायचं सोडून दिलं आणि शब्द आपोआप बाहेर आले, मोठ्यानं, तिच्याच कानांना परके: "जशी आम्ही आमच्या अपराध्यांना क्षमा करतो."

खोटं वाटलं नाही. पुरतं खरंही वाटलं नाही. पण म्हणून झालं, आणि आकाश कोसळलं नाही. मागून कुणीतरी बाई हुंदका देऊन पुढची ओळ म्हणाली, आणि सगळं गाव तिला येऊन मिळालं, असं की खाजणातले बगळे उडाले.

नवव्या स्थानकावर पुरुषांनी क्रूस घेतला. फिलिपो पुन्हा मागे निघून गेला. मात्र शेवटी नाही, पोरांच्या मध्येच कुठंतरी. उद्या त्याला नळापाशी पाहिलं की पुन्हा तोंड फिरवावंसं वाटेल का? वाटेलही. हे एकदाच म्हणून भागणारं नव्हतं, तिला दिसत होतं. रोज म्हणावं लागणार होतं, आणि एखाद्या दिवशी पुन्हा अडणारही होतं.

"खांदा दुखतोय?" पेलेनाटोनं हळूच विचारलं.

"खूप," ती म्हणाली, आणि तिला हसू फुटलं. तिनं घाईघाईनं पदराचं टोक धरावं तशी मानेवरची ओढणी तोंडावर धरली. आज शोकाचा दिवस. चर्चची घंटासुद्धा ईस्टरच्या रविवारपर्यंत मुकी. लोक माना खाली घालून चाललेले, आणि हिच्या आत मात्र भरतीचं पाणी चढावं तसं काहीतरी चढत होतं, पोटातून गळ्याशी, आवरता आवरत नव्हतं. इतके दिवस विताले तिला दिसायचा तो त्या गवतात पडलेला. आत्ता, मधूनच, काही कारण नसताना, तो चुलीपाशी उकिडवा बसलेला दिसला, करपलेलं केळं दोन बोटांत नाचवत, तोंड काळं झालेलं, मोठ्यानं हसत... जिवंत. तिनं डोळे मिटले नाहीत. तो जाईल ही भीती वाटली नाही. उन्हात, उपाशी, दुखऱ्या खांद्यानं ती दहाव्या स्थानकाकडे चालत राहिली, आणि हा एवढा आनंद रविवार उजाडेपर्यंत लपवायचा तरी कुठं, हे काही केल्या तिला सुचेना.