शिट्टी कोणाची?

मित्रांनो, मला हातात घेऊन जरा हलवून बघा. पोटात बुचाचा एक गोळा खडखडेल. तो खडखडतोय तोवर समजायचं, अजून जीव आहे. मी एक जुनी पितळी शिट्टी. अंगावर चांदीसारखा मुलामा होता. ओठ लागतात तिथला आणि अंगठा बसतो तिथला आता निघून गेलाय.

माझा जन्म सातिवलीच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये झाला. पितळेचा पत्रा कापला, वाकवला, डाग देऊन जोडला, पोटात गोळा टाकला आणि एका माणसाने मला फुंकून पाहिलं. तो दिवसभर तेच काम करायचा, त्यामुळे घरी गेल्यावर बायकोशी भांडायला त्याच्याकडे हवा उरत नसे. सुखी संसार होता म्हणे. त्याने फुंकलं, मी किंचाळले, तो म्हणाला, "छान!" आणि मला खोक्यात टाकलं. तोंड उघडल्याबद्दल शाबासकी मिळालेली मुलगी विरळाच, हे मला पुढे कळलं.

हो, मी मुलगीच. ती शिट्टी. व्याकरणाने परस्पर ठरवून टाकलं, मला कोणी विचारलं नाही. पण खरं सांगते, मी स्त्रीलिंगी आहे हे मैदानावरच्या एकाही पुरुषाला कधी खटकलं नाही. वाजवणारी स्त्रीलिंगी निघाली, तेव्हा मात्र सगळ्यांना खटकलं. तीच गोष्ट सांगायची आहे.

मला विकत घेतलं सिप्रियन सरांनी. वसईतल्या एका गावात ते शाळेला पीटी शिकवत आणि गावातल्या फुटबॉलच्या सामन्यांना रेफरी असत. तो माझा वैभवाचा काळ. सरांनी मला ओठाला लावलं की पळणारी शाळा जागच्या जागी थिजायची. सामन्यात धिप्पाड गडी माझ्या एका हाकेला थांबायचे, मान खाली घालायचे. सर चुकले तरी लोक म्हणायचे, "सरांनी बघितलं असेल काहीतरी." मला वाटायचं, हा सगळा दरारा माझा आहे.

घरी मी दाराच्या मागे खिळ्याला लटकायची. घरात दोन मुलं, मेलरॉय आणि त्याच्याहून लहान ॲनिशा. मेलरॉयने मला एकदा पळवून फुंकलं, तेव्हा त्यांची आई, पॉलिनबाई, कौतुकाने म्हणाल्या, "पोराच्या छातीत दम हाय! बापावर गेलाय." दुसऱ्या दिवशी ॲनिशाने फुंकलं.

"ठेव ती खाली!" पॉलिनबाई स्वयंपाकघरातून ओरडल्या. "पोरीने शिट्टी वाजवली की घरात साप येतो."

मित्रांनो, मी यावर पुष्कळ विचार केला. मुलाने वाजवली तर साप येत नाही, मुलीने वाजवली तरच येतो. म्हणजे सापालाही कोणीतरी लहानपणी नीट शिकवलेलं असणार.

पुढे मेलरॉयला फुटबॉलचे बूट आले. ॲनिशालाही त्यात वाटा मिळाला, ते धुण्याचा. यात दुष्टपणा कोणाचाच नव्हता. सगळे प्रेमळ होते. मेलरॉय रोज थोडा थोडा खेळाडू होत गेला आणि ॲनिशा रोज थोडी थोडी 'मेलरॉयची बहीण' होत गेली, एवढंच.

मग सरांचा गुडघा दुखायला लागला, वर्षाकाठी अंतिम सामना तेवढा ते घेत, आणि माझेही दिवस फिरले. छत्रीच्या शेजारी, त्याच खिळ्याला, माझ्या पोटातला गोळा धुळीने चिकटून बसला. एके दिवशी ॲनिशाने मला खाली काढलं. ती आता कॉलेज संपवून नोकरीला लागली होती आणि घरात फारसा गाजावाजा न करता रेफरीची परीक्षा पास झाली होती. तिने मला वाटीभर कोमट पाण्यात बुडवलं, जुन्या टूथब्रशने घासलं, उन्हात वाळवलं. गोळा सुटला. पण तिला खरा सामना कोणी देईना. लहान मुलांच्या मॅचेस मिळायच्या. तिथे खेळाडू रडले की त्यांचं नाक पुसायला बाईच बरी, असं सामने भरवणाऱ्या गावच्या मंडळाचं मत होतं.

आणि मग ईस्टरनंतरच्या एका रविवारी, अंतिम सामन्याच्या दुपारी, सरांचा गुडघा सुजून टम्म झाला.

भात कापून झालेल्या शेतावर चुन्याच्या रेघा मारलेल्या होत्या. एका बाजूला आमचं गाव, मेलरॉय कप्तान. दुसऱ्या बाजूला रस्त्यापलीकडच्या नव्या कॉम्प्लेक्सचा संघ. गावाला हा चषक कॉम्प्लेक्सकडे जाऊ द्यायचा नव्हता. कॉम्प्लेक्सला तो गावाकडून घ्यायचाच होता. मंडळाचे अध्यक्ष केनी अंकल मंडपात येरझाऱ्या घालत होते.

"दुसरा कोन मिळत नाय का?" त्यांनी चार ठिकाणी फोन करून विचारलं. कोणी मिळालं नाही. उरली ती ॲनिशा.

कॉम्प्लेक्सचे चेअरमन विलासराव म्हणाले, "माझी हरकत आहे. मुलीचा भाऊ खेळतोय."

"सरांचा पन मुलगाच खेळत होता की," केनी अंकल म्हणाले. "मागच्या वर्षी नाय बोललात."

"ते सर आहेत," विलासराव म्हणाले. केनी अंकलना हे एकदम पटलं. पण इलाज नव्हता.

त्यांनी ॲनिशाला बाजूला घेतलं. "हे बघ बाय. आज धड झालं तर पुढच्या सगळ्या मोठ्या मॅचेस तुझ्या. पन चुकलीस तर शिट्टी परत खिळ्याला, आनि या मैदानावर बाईमानसाचं नाव पुन्हा काढायचं नाय. चालेल?"

"चालेल," ॲनिशा म्हणाली. आणि तिने माझी दोरी गळ्यात अडकवली.

एखादा पुरुष चुकला तर तो एकटा चुकतो. ॲनिशा चुकली असती तर वसई तालुक्यातल्या सगळ्या बायका एकदम चुकणार होत्या.

सामना सुरू झाला. तिने मला पहिल्यांदा फुंकलं तसा मंडपामागून कोणीतरी ओरडला, "अगो, कुकरची शिट्टी झाली! गॅस बंद कर!"

अख्खं मैदान हसलं. दोन्ही संघांचं एकमत झालेला दुपारचा हा एकमेव प्रसंग. ॲनिशाने वळूनही पाहिलं नाही. पण तिचे दात माझ्यावर किती जोरात रुतलेत, ते मला कळत होतं.

फाउल दिला की कॉम्प्लेक्सवाले म्हणत, "भावाचं बघतेय." नाही दिला की गाववाले म्हणत, "घरचं मीठ विसरली." ऑफसाइडला दोघेही म्हणत, "हिला ऑफसाइड कळतो का?" गोल होईना, वेळ सरेना. उन्हाने चुन्याच्या रेघा डोळ्यांत खुपायला लागल्या. सर मंडपात एका खुर्चीत बसले होते, पाय दुसऱ्या खुर्चीवर.

शेवटची काही मिनिटं राहिली होती. मेलरॉयला उजव्या बाजूने चेंडू मिळाला. एकाला चकवून तो आत घुसला. समोर दोघे बचावाला, मागे गोलकीपर. आणि तेवढ्यात शिट्टी वाजली.

मित्रांनो, मी नव्हे. मी ॲनिशाच्या छातीवर दोरीला लोंबत होते.

कॉम्प्लेक्सचे दोघे बचाववाले थांबले. गोलकीपरने हात खाली केले. मेलरॉयनेही क्षणभर बहिणीकडे पाहिलं. मी तिच्या ओठात नाही, हे त्याला दिसलं. त्याने पाय उचलला आणि चेंडू जाळीत मारला.

शिट्टी वाजवली होती श्रीरंगने. श्रीरंग म्हणजे कॉम्प्लेक्सच्या गेटवरचा वॉचमन. रस्त्यावर तो एक गाडी मागे घ्यायला लावत होता. तो रोज शिट्टी वाजवतो आणि रोज कोणी थांबत नाही. गाड्या जातात, पोरं सायकली दामटतात, विलासरावसुद्धा खिडकीची काच वर करून निघून जातात. त्या दिवशी कॉम्प्लेक्सचा अख्खा संघ त्याच्या शिट्टीला थांबला. श्रीरंगच्या नोकरीतला हा सर्वोच्च क्षण होता, आणि नेमका तेव्हा तो पाठमोरा होता.

मैदानात एकच गोंधळ झाला.

"गोल! गोल!" केनी अंकल नाचत आत आले.

"कसला गोल?" विलासराव धावत आले. "आमची मुलं शिट्टीला थांबली! रद्द करा!"

"रेफरीची वाजलीच नाय! ती तुमच्या वॉचमनची!"

"मग? वॉचमनची शिट्टी म्हणजे शिट्टी नव्हे का?" विलासरावांचा आवाज भरून आला. "आमचा श्रीरंग अतिशय जबाबदार माणूस आहे!"

"काल त्याला खुर्चीवर बसला म्हनून झापत होतात!" आमच्या बाजूचा कोणीतरी ओरडला.

"वॉचमनच्या शिट्टीला कोन थांबतं हो?" केनी अंकल म्हणाले. "तुम्ही तरी थांबलात का कधी?"

विलासरावांनी गेटकडे तोंड करून हाक मारली. "श्रीरंग! इकडे ये! सांग सगळ्यांना, तू वाजवलीस की नाही?"

श्रीरंग वळला. शिट्टी तोंडातून काढून त्याने मुठीत धरली. एका बाजूला अख्खं गाव, दुसऱ्या बाजूला ज्याच्या हाताखाली नोकरी, तो चेअरमन. हो म्हणावं की नाही, ते त्याला कळेना. तो रस्त्याच्या मधोमध नुसता उभा राहिला.

"त्यांना नका विचारू," ॲनिशा म्हणाली. "मी ऐकलीये. मामा, तुम्ही तुमचं काम करा, मागे गाडी अडकलीये."

मेलरॉय तिच्याजवळ आला. हळू आवाजात म्हणाला, "ॲनी, तुला माहितीये ना, तू वाजवली नव्हतीस."

"माहितीये."

"मग दे ना गोल. ते थांबले ती त्यांची चूक."

"तू मारायच्या आधी माझ्याकडे का बघितलंस?"

मेलरॉयने बुटाच्या टोकाने माती उकरली. त्यालाही शिट्टी ऐकू आली होती.

नियम असा आहे, की बाहेरून शिट्टी वाजली आणि तिच्यामुळे खेळाडू थांबले, तर खेळ तिथेच थांबला असं धरायचं. ती शिट्टी कोणत्या हुद्द्याच्या माणसाची असावी, हे नियमात लिहिलेलं नाही.

ॲनिशाने मला फुंकलं. लांब, एका दमात. हाताने खूण केली. गोल नाही.

गावाकडून जो आवाज उठला, त्यात शब्द नव्हते. केनी अंकल थेट तिच्यासमोर येऊन उभे राहिले आणि त्यांनी हात पुढे केला.

"शिट्टी दे."

ॲनिशाने मूठ आवळली. माझ्या कडा तिच्या तळव्यात रुतल्या.

"बापाचं नाव घालवलंस. दे म्हनतो ना इकडे!"

सगळ्या माना मंडपाकडे वळल्या. या मैदानावर आजवर शेवटचा शब्द सरांचाच. सरांनी पाय खुर्चीवरून खाली ठेवला. कळ आली असावी, तोंड वाकडं झालं.

"माझ्याकडे काय बघता?" ते म्हणाले. "रेफरी ती आहे."

ॲनिशा केनी अंकलना म्हणाली, "अंकल, रेघेच्या बाहेर व्हा. नाहीतर कार्ड दाखवीन."

"मला? मी अध्यक्ष हाय!"

"म्हणून तर आधी तोंडी सांगितलं."

केनी अंकल हात खिशात घालून, जणू त्यासाठीच बाहेर काढला होता, असे रेघेबाहेर गेले.

शेवटी पेनल्टींवर कॉम्प्लेक्स जिंकलं. विलासरावांनी चषक उचलून सगळ्यांचे आभार मानले, देवाचे, प्रायोजकांचे, प्रेक्षकांचे. श्रीरंगचं नाव राहून गेलं. संध्याकाळी त्यांनी त्याला बोलावून घेतलं आणि पुन्हा सामना चालू असताना एवढ्या जोरात वाजवायची नाही, अशी ताकीद दिली.

आमच्या घरी जेवताना फक्त भांडी बोलत होती. मेलरॉयने रागाच्या भरात स्वतःचे बूट स्वतः धुतले. पॉलिनबाई लेकीला वाढताना म्हणाल्या, "पन तू दिला असतास तर कोनाचं काय गेलं असतं गो?" ॲनिशा ताट घेऊन उठली. मला तिने खिळ्याला अडकवलं आणि त्या आठवड्यात माझ्याकडे पाहिलंही नाही. मी छत्रीला म्हटलं, आता तू आणि मी.

शनिवारी केनी अंकल दारात आले. चेहरा आंबट.

"पूर्वेकडे, चांदीपच्या अंगाला मॅच हाय. दोन गावं एकमेकांवर जाम खार खाऊन हायत. रेफरी कोन, यावरनंच भांडन. दोघं पन म्हनतात, भावाचा गोल काढला ती पोरगी पाठवा."

"मग तुम्ही काय म्हणालात?" सरांनी विचारलं.

"म्हटलं, आमच्याच मंडळाने घडवलीय."

रविवारी ॲनिशा निघाली तेव्हा मेलरॉय बाइक काढून उभा होता. आठवडाभर तो तिच्याशी एक शब्द बोलला नव्हता. "बस," तो म्हणाला. "उशीर झाला तर तिथले पण बोंबलतील."

मैदानाच्या दोरीपाशी तिथल्या एका कार्यकर्त्याने मेलरॉयला अडवलं. आमचा कप्तान, ज्याला आमच्या गावात लहान पोरंसुद्धा ओळखतात. "तू कोण रे? खेळाडूंशिवाय आत नाही." मग ॲनिशाकडे बघून तो म्हणाला, "अच्छा, तू रेफरीचा भाऊ का?"

आजवर मेलरॉयला कोणी तोंडावर कोणाचा भाऊ म्हटलं नव्हतं.

"हो," तो म्हणाला. "तिचाच."

आणि मला सांगायला हवं, त्याने ते जरा मोठ्यानेच सांगितलं.

मित्रांनो, आता मला वेळ नाही, ॲनिशा मैदानाच्या मध्यावर पोचलीये. जाता जाता एवढीच विनंती. मला वापरून झालं की धुवत जा, उन्हात वाळवत जा, माझ्या पोटातला गोळा चिकटू देऊ नका. आणि मी कोणाच्या गळ्यात आहे, ते बघून थांबायचं की नाही हे ठरवू नका. मी सगळ्यांच्या ओठांत तेवढ्याच जोराने वाजते. कमीजास्त होतं ते तुमच्या कानात.

तिने श्वास भरून घेतलाय. कान सांभाळा.