लल्ला मन्नुबियाचा खुबा

लल्ला मन्नुबियाचा कृत्रिम खुबा डॉक्टर तिजानींनी बारा वर्षांपूर्वी बसवला, आणि तेव्हापासून स्फाक्स शहरातल्या तिच्या अख्ख्या गल्लीत म्हातारी त्यांचे गोडवे गात असे. आता हम्मामात न्हाताना घसरून तिची मांडी मोडली, तीही नेमकी खुब्याचा दांडा हाडात उतरतो तिथेच. आणि मुलगा म्हणतो, ऑपरेशन डॉक्टर वहीदांनी करावं!

वहीदा तिजानींचीच शिष्या. हाडावर हातोडी कशी मारायची ते त्यांनीच तिला शिकवलेलं. त्यांच्या पोटात दुखू लागलं ते लागलंच.

"दांडा घट्ट आहे," एक्स-रे बघत ते म्हणाले. "प्लेट आणि तारा लावल्या की झालं."

"सर, मला तो सैल वाटतो. सैल दांड्यावर प्लेट टिकायची नाही. या वयात पुन्हा मोडलं तर त्या अंथरुणातून उठणार नाहीत. जुना काढून लांब दांडा घालूया."

"फोटोत दिसतोय का सैल?"

"तसं नीट दिसत नाही. पण पडायच्या आधी वर्षभर त्यांची मांडी दुखत होती. उठताना पहिली पावलं टाकवत नव्हती."

"मला तर दरवर्षी सांगतात, काही दुखत नाही."

तिजानी तडक लल्लाच्या खाटेपाशी गेले.

"लल्ला, दुखणं तिला सांगितलंत आणि मला नाही?"

"तुम्हाला कसं सांगू, सी तिजानी? एवढ्या मायेनं बसवलंत. कुणी घरी बोलावून कुस्कुस वाढला, तर मीठ कमी म्हणायचं का? ती पोरगी काय, परकी. तिला काहीही बोलता येतं."

क्षणभर तिजानी सुखावले. मग त्या सुखाचीच त्यांना लाज वाटली. याच मायेपायी ते तिच्या मांडीत प्लेट ठोकून मोकळे झाले असते.

"लांब दांडा मागव," बाहेर येऊन ते वहीदाला म्हणाले. "तू कर. मी पाय धरतो."

जुना दांडा वहीदाच्या हाती एका ओढीत आला, सैलच होता. तिने वर सरांकडे पाहिलं नाही, एवढं तिला कळत होतं.

तिसऱ्या दिवशी तिजानी वॉर्डाच्या दाराशी आले. आत वॉकर धरून उभी असलेली लल्ला वहीदाला झाडत होती. "कसलं लोखंड घातलंस गं बाई? इथे ठणकतंय, इथे ओढ बसतेय, आणि म्हणे चाला!"

वहीदा खाली वाकून एकेक जागा दाबून बघत होती.

आपण आत गेलो तर म्हातारी हसेल आणि गप्प होईल, हे तिजानींना ठाऊक होतं. ते दारातच थांबले. म्हातारीच्या एकेका तक्रारीवर त्यांना वहीदाचा हेवा वाटत होता.