सासूबाईंची भोवळ

दिवसभर चष्म्याच्या दुकानात लोकांचे नंबर काढणाऱ्या माणसाला संध्याकाळी घरी येऊन रंधा का मारावासा वाटतो, हे त्याच्या बायकोला लग्नाला इतकी वर्षं होऊनही उमगलं नव्हतं. गाडी बाहेर उन्हापावसात आणि गॅरेजमध्ये लाकूड, अशी त्या घरातली व्यवस्था. मोबाइलवर व्हिडिओ बघून बघून गड्याने आधी भिंतीला एक फळी ठोकली, मग चपलांचं कपाट केलं, आणि मग नातेवाइकांची पाळी आली. कुणाचा वाढदिवस जवळ आला की याचे हात शिवशिवायचे. लोकही भले. डुगडुगणाऱ्या वस्तूच्या पायाखाली कागदाची घडी सरकवून "छान झालंय हो" म्हणायचे. मेहुणा तेवढा तोंडावर 'सुतारसाहेब' म्हणायचा.

सासूबाई दोन गल्ल्या पलीकडे, पहिल्या मजल्यावर एकट्या राहायच्या. टेलिफोन खात्यात ऑपरेटर म्हणून हयात घालवलेली बाई. आवाज खणखणीत, आणि घरातला बल्ब गेला तर शेजाऱ्यांना हाक मारायच्या आत स्वतःच चढून बदलणार. "आमच्याकडे येऊन राहा" म्हणून लेक कानीकपाळी ओरडायची, पण त्यांचं उत्तर ठरलेलं असायचं, "मला माझं घर बरं." माळ्यापर्यंत हात पोचेल असं दोन पायऱ्यांचं स्टूल करून द्या, असं त्यांनीच जावयाला सांगितलं होतं. त्याच्याकडून कुणी मागून घेतलेली ही पहिलीच वस्तू. तो नुसता हवेत होता.

हवेत होता म्हणूनच घाई झाली. त्यांच्या वाढदिवसाच्या आदल्या संध्याकाळी त्याच्या लक्षात आलं की मागच्या एका पायाचं टोक जास्त तासलं गेलंय आणि ते खाचेत सैल बसतंय. नवा पाय करायचा तर आणखी एक दिवस हवा, आणि सकाळी द्यायचं कबूल करून बसलेला. त्याने गोंदात भुसा कालवला, फटीत दाबून भरला, वरून पॉलिश पेपर घासला आणि पॉलिशचा हात मारला. फट दिसेनाशी झाली. 'धरेल की,' तो स्वतःशी म्हणाला. धरणार नाही हे त्याला म्हणतानाच माहीत होतं, खरी मेख तिथे आहे.

आठवडाभर धरलं. मग एका दुपारी शेजारणीचा फोन आला. बायकोचं ऑफिस लांब, म्हणून पहिला तोच पोचला. सासूबाई स्वयंपाकघरात जमिनीवर पडलेल्या, मनगट वाकडं, चेहरा पांढराफटक. शेजारी स्टूल आडवं, आणि त्याचा तोच पाय खाचेतून निम्मा बाहेर आलेला.

"काय झालं कळलंच नाही हो," त्या म्हणाल्या. "एकदम सगळं फिरलं."

त्यांना दवाखान्यात नेलं, बायको आली, आणि हा त्यांचे कपडे आणायला म्हणून परत गेला. कपड्यांबरोबर स्टूलही गाडीत घातलं. का, असं कुणी विचारलं असतं तर म्हणाला असता, दुरुस्त करायला. तेही खोटं नव्हतं. गॅरेजचं दार आतून लावून त्याने नवा पाय कापला, टोक मोजून मोजून तासलं, खाचेत अलगद ठोकून बसवलं. असा सांधा त्याला जन्मात जमला नव्हता. सासूबाई दवाखान्यात असतानाच स्टूल त्यांच्या स्वयंपाकघरात होतं त्या जागी जाऊन बसलं.

डॉक्टरांनी विचारलं, "चक्कर आली होती का?"

"आली असेल," सासूबाई म्हणाल्या.

बायकोच्या मनात शंका आली नाही असं नाही. "तुझ्या स्टुलाचं तर काही नव्हतं ना रे?" तिने विचारलं. त्याने उत्तर द्यायच्या आत मेहुणा म्हणाला, मीच बघतो. मेहुणा अंगाने चांगला भरलेला. बूट न काढता वरच्या पायरीवर उभा राहिला आणि दोन उड्या मारल्या.

"सुतारसाहेब, यावर हत्ती चढवा! तुमच्या हातून पहिल्यांदाच काहीतरी धड झालंय."

सगळे हसले. तोही हसला.

मग भोवळीचा शोध सुरू झाला. कान तपासले, डोकं तपासलं, रक्त तपासलं. काही सापडेना, आणि सापडेना म्हणून लेकीची भीती दुप्पट झाली. आईला एकटीला ठेवायचं नाही, असं ठरलं. मनगट जुळलं तरी सासूबाई लेकीकडेच राहिल्या. ज्या बाईच्या एका हाकेने अख्खा जिना जागा व्हायचा, ती आता भिंतीला हात लावून चालायला लागली. बाथरूमची कडी लावायची नाही, असं लेकीने सांगितलं आणि त्यांनी ऐकलं. उठताना आधी विचारायच्या, "उठू का ग?" शेजारच्या खोलीत बसलेल्या जावयाला ते ऐकू यायचं.

सांगायला तो किती वेळा निघाला! आधी मनगट बरं होऊ दे, मग तपासण्या होऊ देत, मग बायकोचा मूड बरा असू दे. प्रत्येक वेळी घोडं कुठेतरी पेंड खायचं. गॅरेजमध्ये तर त्याने पाऊल टाकणंच सोडलं होतं. बायकोला वाटलं, आईच्या काळजीने सोडलं. तिने कौतुक केलं. त्या कौतुकाने त्याला जास्तच मेल्यासारखं झालं.

शेवटी मेहुणा सासूबाईंच्या बंद घरासाठी भाडेकरू घेऊन आला. म्हणजे त्यांची बातमी घेऊन आला. नवराबायको, दोघं नोकरीवाले, रविवारी किल्ली हवी होती.

"आई, देऊ ना?" त्याने विचारलं.

"द्या," सासूबाई म्हणाल्या. मान वर केली नाही. "मला काय आता तिथे राहायचंय?"

"किल्ली देऊ नका," जावई म्हणाला. इतक्या मोठ्यांदा, की त्याचा तोच दचकला. "त्यांना भोवळ आलीच नव्हती. स्टूल मोडलं होतं. पाय सैल होता, मला माहीत होतं, मी भुसा भरून तसाच दिला."

मग बायकोने त्याच्या दंडावर हात ठेवला. "आईला बरं वाटावं म्हणून उगाच स्वतःवर घेऊ नकोस."

"अहो, मी नाचलोय त्या स्टुलावर," मेहुणा म्हणाला.

आणि सासूबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. "किती हो जीव लावता मला," त्या म्हणाल्या.

एखादा तिथेच गप्प बसला असता. सांगून मोकळा झालो, त्यांनी नाही मानलं, माझा काय दोष, असं म्हणून काखा वर करता आल्या असत्या. हा विचार त्याच्याही मनात डोकावला, उगाच त्याला साधुसंत करायला नको. पण तो उठला आणि गॅरेजमध्ये गेला. हौशी माणसाच्या हातून लाकडाचा तुकडा कधी फेकला जात नाही, कधीतरी उपयोगी पडेल म्हणून कोपऱ्यात उभाच राहतो. जुना पाय तिथे होता. त्याने तो आणून सासूबाईंच्या हातात दिला.

त्यांनी त्याच्या टोकावरून अंगठा फिरवला. वाळलेल्या गोंदाचा आणि भुशाचा पापुद्रा नखाने सुटून मांडीवर पडला. बायकोने दंडावरचा हात काढून घेतला. मेहुण्याला पहिल्यांदाच थट्टा सुचली नाही.

"म्हणजे मला काहीच झालं नव्हतं?" सासूबाईंनी विचारलं.

"नाही."

"मी इतके दिवस रात्री जागी राहून बघत होते, छत फिरतंय का ते." त्यांचा आवाज पुन्हा पहिल्यासारखा झाला, खणखणीत. "पडले त्याचं काही नाही. कुणीही पडतं. पण तुम्ही बघत होतात ना मला भिंत धरून चालताना? रोज बघत होतात."

माफ करा, एवढंच तो म्हणाला. त्यांनी ते ऐकल्यासारखं केलं नाही.

"सकाळी मला माझ्या घरी सोडा," त्या म्हणाल्या. "तुम्हीच सोडा."

सकाळी त्यांच्या जिन्यापाशी तो त्यांची पिशवी घेऊन मागे उभा राहिला. त्यांनी पदर खोचला, कठड्याला हात न लावता पहिल्या पायरीवर पाऊल ठेवलं आणि तशाच थांबल्या. दुसरा पाय उचलेना. वरून उतरणारी शेजारीण "आलात का!" म्हणून हसून बाजूने गेली, तरी त्या तिथेच.

"डोक्याला कळतंय, मला काही झालेलं नाही," त्या हळूच म्हणाल्या. "पायांना कोण सांगणार?"

त्याने हात पुढे केला. त्यांनी आधी नको म्हणून मान हलवली, मग घेतला. एकेक पायरी चढत दोघं वर आले. किल्ली त्याच्या खिशात होती, ती त्याला डाव्या हाताने काढावी लागली, कुलूपही डाव्याच हाताने उघडावं लागलं. दार उघडलं. आत त्यांचं स्वयंपाकघर होतं तसंच होतं.

"पोचले मी. सोडा आता हात," सासूबाई म्हणाल्या.

त्याने बोटं केव्हाच सैल केली होती. हात त्यांनी धरून ठेवला होता.