बगळा छाप

बंदरावरून फोन आला तेव्हा ताई पॅकिंगच्या खोलीत नव्या खोक्यांचा पुठ्ठा दाबून बघत होती. पलीकडे परदेशातल्या बंदरावर तिचा माल सोडवून घेणारा माणूस होता.

"ताई, तुमच्या कात्र्या कस्टमने अडवल्यात. नकली माल आहे म्हणतात."

"कोणाची नक्कल?"

तो जरा घुटमळला. "बगळा छापाची."

ताईला हसूच आलं. बगळा छाप तिच्याच घरची कात्री. वडिलांनी शिंप्यांसाठी कात्र्या बनवायला घेतल्या, तेव्हा पात्यावर लांब चोचीचा बगळा त्यांनीच कोरून घेतला होता. वडील गेल्यावर कारखाना आईच्या नावावर झाला आणि सगळं काम ताईच्या अंगावर आलं. तिच्या हाताखालून गेल्याशिवाय एकही कात्री बाहेर पडत नसे.

"अहो, बगळा छाप म्हणजे आम्हीच," ती म्हणाली.

"इथे नाही, ताई. इथे तो शिक्का दुसऱ्याच्या नावावर नोंदलेला आहे." आणि त्याने नाव सांगितलं. ताईचं हसू तिथेच विरलं. ते नाव लंब्याचं होतं.

लंब्या म्हणजे तिचा मामेभाऊ. मामा-मामी अपघातात गेले तेव्हा तो पोरसवदा होता. आई त्याला घरी घेऊन आली ती कायमचीच. बघता बघता तो एवढा उंच झाला की छापावरचा बगळा त्याच्याचवरून काढलाय, असं कारागीर चिडवायचे. पुढे नोकरीसाठी तो परदेशी गेला. तिथे नोकरीत मन रमेना म्हणून बॅगेत चार कात्र्या घालून शिंप्यांचे उंबरठे झिजवू लागला. त्या देशात बगळा छाप माहीत झाली ती त्याच्या वणवणीमुळे, हे ताईने कधी नाकारलं नव्हतं. माल इथून जायचा, तो तिथे विकायचा. करार वगैरे काही नव्हता. घरच्या माणसाशी कसला करार?

अलीकडे मात्र तो मागणी फारच कमी नोंदवत होता. "बाजार मंद आहे, ताई," एवढंच म्हणायचा. म्हणून त्याच देशातल्या नाटकांचे पोशाख शिवणाऱ्या एका मोठ्या कंपनीने थेट ताईकडे विचारणा केली, तेव्हा तिने होकार दिला. आधी लंब्याला सांगितलं. "छानच की, ताई!" तो म्हणाला होता. अडकला होता तो हाच माल.

तिने त्याला फोन लावला.

"लंब्या, माल अडकलाय रे."

"माहितीये."

"तुला कसं माहीत?"

"तक्रार मीच केली, ताई."

तिला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. "कोणाविरुद्ध?"

"हे बघ, इथला बाजार मी उभा केला. तू परस्पर दुसऱ्याला माल द्यायला लागलीस, तर मी काय करायचं?"

"तुला विचारूनच दिला ना!"

"सांगितलंस. विचारलं नाहीस." मग तो म्हणाला, "आणि मी आता कात्र्या इथेच बनवून घेतो. स्वस्त पडतात. बगळा छाप म्हणूनच विकतो. तुला अंधारात नाही ठेवायचं."

इतके दिवस अंधारातच होते की, असं ताईच्या ओठांवर आलं. पण तिने फोन ठेवून दिला.

वकीलबाईंचं ऑफिस एका बँकेच्या वर होतं. परदेशी व्यापाराचीच प्रकरणं त्या बघायच्या. ताईचं सगळं त्यांनी मधे न बोलता ऐकून घेतलं.

"शिक्क्याचा हक्क प्रत्येक देशापुरता असतो," त्या म्हणाल्या. "आपल्याकडे नोंद आहे म्हणून तो आपल्याकडे तुमचा. तिथे तुम्ही कधी नोंदवलाच नाही. त्याने नोंदवला. तिथल्या कायद्याला तो मालक, तुम्ही नक्कल करणाऱ्या."

"म्हणजे चोराच्याच हाती किल्ल्या?"

"थांबा. तो तुमचा एजंट होता. मालकाला न विचारता एजंटने शिक्का स्वतःच्या नावावर केला, तर ती नोंद रद्द करून मागता येते. तो देशही हे मानतो. तुम्ही त्याला परवानगी दिली नव्हती ना?"

"मी? शक्यच नाही!"

ताई पहिल्यांदाच जरा सैल बसली. वकीलबाईंनी नोंद रद्द करण्याची नोटीस धाडली. काही आठवड्यांनी लंब्याच्या वकिलाचं उत्तर आलं. त्यात म्हटलं होतं, नोंदणी मालकाच्या स्पष्ट संमतीने झाली आहे.

"साफ खोटं," ताई म्हणाली.

वकीलबाईंनी चष्मा काढला. "कागदोपत्री मालक कोण आहे?"

"आई. पण ते नावापुरतंच हो."

"कायद्याला नावच दिसतं. त्यांना घेऊन या."

आई आली ती ठेवणीतली साडी नेसून. वकीलबाईंनी विचारलं तेव्हा तिने आढेवेढे घेतले नाहीत. "हो, विचारलं होतं त्याने. म्हणाला, आत्या, इथे कोणीतरी आपला बगळा पळवेल, माझ्या नावावर करून ठेवू का? मी म्हटलं, ठेव."

"आई!" ताई उठूनच उभी राहिली. "मला सांगितलं का नाहीस?"

"तू रागावली असतीस. आणि गेलं कुठे? घरातच राहिलं ना?"

ती परत खुर्चीत बसली. लंब्याने केसाने गळा कापला, हे ती एव्हाना पचवत आली होती. पण हे तिच्या ध्यानीमनीही नव्हतं.

वकीलबाई पुढे झुकल्या. "आजी, नीट आठवून सांगा. शिक्का त्याला देऊन टाकला होता, की सांभाळायला दिला होता?"

"सांभाळायलाच. देऊन कशाला टाकीन?"

"त्याने स्वतःचा माल त्यावर विकावा, असं ठरलं होतं?"

"छे छे! माल आपलाच."

"मग झालं तर!" वकीलबाईंचा चेहरा उजळला. "संमती होती ती फक्त राखणीपुरती. हेच तुम्हाला तिथल्या अधिकाऱ्यासमोर सांगायचंय. प्रवासही नको, स्क्रीनवरून बोलता येईल. तो समोर असेल, त्याचा वकील उलटे प्रश्न विचारेल, पण खरं तेच सांगायचंय."

आईने पदर सावरला. "तो समोर असणार?"

"हो."

"मग नाही जमायचं."

"आई, तुला खोटं नाही बोलायचंय," ताई कळवळून म्हणाली. "जे आत्ता बोललीस तेवढंच!"

"त्याच्या तोंडावर त्याला लबाड ठरवू? माझ्या भावाचं एवढं एकच उरलंय गं." आईचं ठरलं होतं. "तुझ्याजवळ मी आहे, कारखाना आहे. त्याला कोण आहे तिथे?"

"आणि मला कोण आहे, आई?"

आईने पिशवीत रुमाल शोधायला घेतला. वकीलबाई खिडकीबाहेर बघत राहिल्या.

त्यानंतर लढण्यासारखं फारसं उरलं नाही. वकीलबाईंनी एवढंच मिळवून दिलं की कस्टमने माल नष्ट न करता परत येऊ दिला. तिथून निघताना नकली असलेल्या कात्र्या इथल्या धक्क्यावर उतरताच पुन्हा अस्सल झाल्या. नाटकवाल्या कंपनीने दुसरीकडून खरेदी केली. तो देश बगळ्यासाठी बंद झाला.

मग ताईने दोन गोष्टी केल्या. जिथे जिथे माल जात होता, त्या प्रत्येक देशात शिक्क्याच्या नोंदणीचे अर्ज टाकले. आणि कारखाना आपल्या नावावर करण्याची कागदपत्रं आईसमोर ठेवली.

"माझ्यावर विश्वास नाही तुझा?" आईने विचारलं.

"नाही."

असं उत्तर येईल, असं आईला वाटलं नसावं. तिने पेन हातात घेतलं, बराच वेळ धरून ठेवलं, आणि मग सगळ्या सह्या एका दमात करून टाकल्या.

लंब्याचे फोन थांबले नाहीत. दर रविवारी तो आत्याशी बोलायचा. ताई खोलीत आली की आईचा आवाज आपोआप खाली जायचा. एका रविवारी आईने फोन पुढे केला. "तुझ्याशी बोलायचंय म्हणतो."

ताईने का कोण जाणे, घेतला.

"ताई, रागावू नकोस," लंब्याचा आवाज अगदी पूर्वीसारखा होता. "इथल्या पात्यांना धार टिकत नाहीये गं. शिंपी तक्रार करतात. तापलेल्या पात्याला तू पाणी देतेस ते तेलात बुडवून की आणखी कशात?"

आणि सवयीने ताईचं तोंड उघडलं होतं. पहिला शब्द जिभेवर आला होता. तिने तो गिळला, फोन आईच्या हातात ठेवला आणि स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडला.

थोड्या वेळाने आई मागे येऊन उभी राहिली.

"मलाही विचारलं होतं त्याने," ती म्हणाली. "मला ठाऊक आहे गं ते, तुझ्या वडिलांनी शिकवलेलं. पण मी नाही सांगितलं."

ताईने वळून आईच्या चेहऱ्याकडे बघितलं. जन्मभर बघितलेला चेहरा. खरं बोलतेय की नाही, ते तिला ओळखता येईना.