गॅस्किनांच्या धाकट्याची पारख

ब्रॅननचा फोन आला तेव्हा लॅमार बॅगेट पेट्रोल पंपावर उकडलेल्या शेंगा खात उभा होता.

"मर्सरविलला जा," ब्रॅनन म्हणाला. "गॅस्किनांचा धाकटा, ट्रेमेन. सगळे क्लब तिथं घिरट्या घालतायत, आणि आमचे साहेब? चरतायत. ऐकू येतंय मला."

"दुसऱ्या कुणाला तरी पाठव ना."

"का? थोरल्याला तूच आणलंस की. ते घर तुला ओळखतं. दुसरा कशाला जाईल?"

घर ओळखतं म्हणूनच लॅमारला तिथं जायचं नव्हतं. पण हे ब्रॅननला सांगण्यासारखं नव्हतं. ब्रॅनन त्याचा वरिष्ठ. वयानं बारा वर्षांनी लहान, पण वरिष्ठ.

लॅमार अठ्ठावन्न वर्षांचा. तरुणपणी बेसबॉल खेळला, चेंडू झेलणारा कॅचर होता, फार वर पोचला नाही. मग स्काउट झाला. सव्वीस वर्षं दक्षिण जॉर्जियातल्या शाळांची मैदानं त्यानं पालथी घातली होती. सतरा-अठरा वर्षांची पोरं बघायची, हात कसा, पाय कसे, डोकं कसं याचे आकडे मांडायचे आणि क्लबला कळवायचं, हा घ्या, हा नको. जुलैत क्लब आपापली पोरं निवडतात. लॅमारच्या चार ओळींवर एखादा पोरगा कुठल्या कुठं जायचा, नाहीतर गावातच राहायचा.

मार्चातली दुपार होती. चिलटांनी नुसता उच्छाद मांडला होता. जाळीमागं सात क्लबांची सात माणसं वेग मोजायच्या बंदुका रोखून बसली होती. लॅमारनं आपली घडीची खुर्ची कडेला टाकली.

ट्रेमेन गॅस्किन उंचीला भावासारखाच होता. चालणं मात्र वेगळं. थोरला रॉड्रिक मान खाली घालून मैदानात यायचा, हा कोंबड्यासारखा आला. पहिला चेंडू टाकला आणि कॅचरच्या हातमोज्यात असा काही आवाज झाला की बंदुकांकडं बघायची गरजच उरली नाही.

"ताशी चौऱ्याण्णव मैल," शेजारचा हळूच म्हणाला. "लॅमार, हा तर थोरल्याच्या वरताण."

चेंडू सुटला की सगळे चेंडूकडं बघतात. लॅमारची खोड अशी, की तो चेंडू टाकणाऱ्याकडं बघत राहायचा. चार डाव त्याला काही दिसलं नाही. पाचव्या डावात ट्रेमेननं एक वळणारा चेंडू टाकला, समोरचा गडी हवेतच बॅट फिरवून बाद झाला, लोक ओरडले, आणि त्या ओरड्यात पोरानं हात पाठीमागं नेऊन मूठ दोनदा उघडली, मिटली. मग करंगळी आणि शेजारचं बोट विजारीवर घासलं. झोपलेल्या बोटांना जाग आणावी तसं.

बोटं अशी झोपायला लागली की कोपर जायच्या वाटेवर असतं, हे लॅमारला ठाऊक होतं. सातही जण आकडे लिहून घेत होते. कुणाचं लक्ष नव्हतं.

हीच मूठ, हीच दोन बोटं त्यानं सात वर्षांपूर्वी याच मैदानावर बघितली होती. रॉड्रिकची. तेव्हा तीन वर्षं लॅमारचा एकही पोरगा निवडला गेला नव्हता, आणि या खेपेला जमलं नाही तर दुसरं काम शोध, असं त्याला सरळ सांगण्यात आलं होतं. त्यानं अहवालात रॉड्रिकच्या हाताची तोंडभरून स्तुती केली आणि बोटांचं लिहिलं नाही. थकला असेल पोरगा, असं स्वतःला समजावलं. रॉड्रिक वरच्या क्रमांकावर निवडला गेला. दुसऱ्या वर्षी कोपर गेलं. दोन शस्त्रक्रिया झाल्या, आणि एकविसाव्या वर्षी पोरगा घरी परत आला.

सामना संपला तसा लॅमार खुर्ची मिटून काढता पाय घेत होता, तर गाडीपाशी रॉड्रिकच उभा. अंगावर टायरच्या दुकानाचा निळा सदरा.

"मिस्टर लॅमार, पळून चाललात होय?"

"नाही रे बाबा. लांब जायचंय."

"मम्मानं मासे तळलेत. तुम्ही न जेवता गेलात हे तिला कळलं तर माझं काही खरं नाही."

पोरांची आई वर्नेल गॅस्किन शाळेच्या भटारखान्यात कामाला होती. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. अजून उन्हं होती, म्हणून तिनं मागच्या अंगणात टेबल मांडलं होतं. तळलेला मासा, वाल, मक्याची भाकरी. जेवणाआधी तिनं डोळे मिटून देवाचे आभार मानले, त्यात "मिस्टर लॅमार सुखरूप आले" हेही सांगितलं. लॅमारनं नजर ताटात घातली.

"मिस्टर लॅमार, माझा कॅचर बघितलात का?" ट्रेमेननं भावाकडं बोट दाखवलं. "रोज संध्याकाळी माझे चेंडू झेलतो. पण परत टाकतो कसा? पणजी कोंबड्यांना दाणे टाकायची ना, तसा!"

"तुझ्या चेंडूंना तेवढंच पुरतं," रॉड्रिक म्हणाला. त्याचं उजवं कोपर पुरतं सरळ होत नव्हतं. मिठाची बाटलीही तो डाव्या हातानं उचलत होता.

"ऐंशी टक्के गाव म्हणतं मी तुझ्यापेक्षा भारी आहे."

"आणि उरलेल्या वीस टक्क्यांनी मला बघितलंय."

वर्नेल हसली, मग तिनं हात पुसून लॅमारकडं रोखून बघितलं. "बरं, सांगा. माझ्या पोराचं काय दिसलं तुम्हाला? थोरल्याच्या वेळी सगळं गोड गोड सांगितलंत, मी ऐकून घेतलं. या वेळी कडू असेल तेही सांगा."

नियमाप्रमाणं लॅमारनं आधी क्लबला सांगायला हवं होतं. बाईंना "छान आहे पोरगा" म्हणून उठता आलं असतं.

"ट्रेमेन," तो म्हणाला, "करंगळी कधीपासून बधिर होते?"

ट्रेमेनचा चेहरा क्षणभर उतरला. "कसली करंगळी? काहीही काय!"

रॉड्रिकनं भावाचा उजवा हात टेबलावर ओढला आणि जेवायच्या काट्याचं टोक करंगळीवर दाबलं. पोरगा भावाच्या तोंडाकडं बघत राहिला, हात मागं घेतला नाही. त्याला कळलंच नव्हतं.

"कधीपासून?" रॉड्रिकनं विचारलं.

"जानेवारी." मग एकदम उसळून, "पण दुखत नाही! जुलैपर्यंतच काढायचंय, रॉड. जुलैपर्यंत!"

"मी रोज तुझ्यासमोर बसतो, आणि मला नाही दिसलं."

"तुला दिसू नये म्हणूनच तर—"

पण रॉड्रिक आता भावाकडं बघत नव्हता. त्यानं काटा खाली ठेवला. "मिस्टर लॅमार. जाळीमागून तुम्हाला याची करंगळी दिसली."

"हो."

"माझी?"

झाडावर कुठंतरी खार ओरडत होती. लॅमारनं टेबलाच्या फळीकडं बघितलं, आणि वर बघितलं.

"दिसली होती. एप्रिलात. तिसऱ्या सामन्याला."

"लिहिलंत?"

"नाही."

वर्नेल उठली, तिनं उरलेल्या माशावर फडकं झाकलं, नीट, चारी कोपरे ओढून. "ट्रेमेन," ती म्हणाली, "मिस्टर लॅमारना गाडीपर्यंत सोडून ये. रस्ता लांबचा आहे त्यांचा."

गाडीपाशी ट्रेमेन दात आवळून म्हणाला, "त्याच्या वेळी गप्प बसलात, माझ्या वेळी तोंड उघडलंत. दोन्ही वेळी वाटोळं आमचंच."

लॅमारनं त्याच आठवड्यात अहवाल पाठवला, बोटांसकट. असल्या गोष्टी क्लबाक्लबांत लपत नाहीत. पंधरा दिवसांत मर्सरविलच्या जाळीमागं एकही बंदूक उरली नाही. रॉड्रिक भावाला मेकन शहरातल्या डॉक्टरकडं घेऊन गेला. कोपरातला अस्थिबंध झिजला होता, तुटला नव्हता. वर्षभर चेंडू टाकायचा नाही, असं सांगितलं. जुलैतली निवड झाली, आणि ट्रेमेन गॅस्किनचं नाव कुणी घेतलं नाही.

ब्रॅननचा फोन आला. लॅमार शिव्या खायच्या तयारीनं बसला होता.

"वाचवलंस बाबा आपल्याला," ब्रॅनन म्हणाला. "वरचे खूश आहेत. तुझा करार आणखी दोन वर्षं. ही नजर थोरल्याच्या वेळी कुठं गेली होती, एवढंच म्हणतो मी."

"होती," लॅमार म्हणाला. "तेव्हाही दिसलं होतं. मी लिहिलं नाही."

मग ब्रॅनन म्हणाला, "हे मी ऐकलं नाही. तूही बोलला नाहीस." आणि फोन ठेवला.

ऑगस्टमध्ये लॅमार टायरच्या दुकानात गेला. रॉड्रिक वाकून नट आवळत होता, पाना डाव्या हातात.

"चारी चाकं ठीक आहेत तुमची," तो मान वर न करता म्हणाला. "बाहेरून बघितली मी."

"माफी मागायला आलोय."

"मग मागा."

लॅमारनं मागितली. घरून ठरवून आणलेली वाक्यं ऐन वेळी आठवली नाहीत. चुकलो, भ्यालो, असं काहीबाही बोलला. रॉड्रिकनं उरलेले नट आवळले आणि पाना खाली ठेवून सरळ उभा राहिला.

"ट्रेमेन माझ्याशी बोलत नाही. डॉक्टरकडं मीच ओढत नेलं ना. म्हणतो, तुझं नाही झालं म्हणून माझं होऊ दिलं नाहीस. एका घरात राहतो आम्ही. मिठाची बाटलीसुद्धा मम्मामार्फत मागतो."

"पण हात वाचला त्याचा."

"हे त्याला कोण सांगणार? तुम्ही?" रॉड्रिकनं कपाळ मनगटानं पुसलं. "अठराव्या वर्षी तुम्ही मला सांगितलं असतंत ना, तर मी बोट आणखी नीट लपवलं असतं. ते मला कळतं. पण तुम्ही मम्माला सांगितलं नाहीत. तिनं मला जाऊ दिलं नसतं. तिच्या हातात होतं ते, मिस्टर लॅमार, आणि तुम्ही ते तिला कळूच दिलं नाहीत."

दारात एक ट्रक येऊन उभा राहिला. रॉड्रिकनं ड्रायव्हरला हातानं थांबायची खूण केली.

"एक विचारतो. माझा अहवाल तुम्ही खोटा लिहिलात. खरा सांगा. कसा होतो मी?"

"जोरात चेंडू तुझ्यापेक्षा ट्रेमेन टाकतो," लॅमार म्हणाला. "पण तुझा तो वळणारा, सव्वीस वर्षांत तसा मी दुसरा बघितला नाही. त्यात खोटं काही लिहिलं नव्हतं."

रॉड्रिकचा उजवा हात कमरेपाशी किंचित वळला, चेंडू धरल्यासारखा, आणि मग सैल पडला.

"घरी जाऊ नका," तो म्हणाला. "मम्मा तुम्हाला जेवायला बसवील. तिला नाही म्हणता येत नाही कुणाला. जाऊ नका."

आणि तो ट्रककडं निघून गेला.